शेंदराखालची अक्षरं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी अजून धडधाकट आहे, तेव्हा माझ्याबद्दलचं वाईट मीच बोलून घेतो. मी हलकट माणूस होतो. बारा महिने नव्हे हं. दुकानात, घरी, सोयऱ्याधायऱ्यांत मी चारचौघांसारखाच होतो. लग्नाला आहेर घेऊन जायचो, मयताला खांदा द्यायचो. वर्षातले दोन दिवस मात्र माझ्या अंगात यायचं, आणि ते दोन दिवस म्हणजे आमच्या नाशकातलं जुन्या हत्यारांचं प्रदर्शन.

आमचं दुकान भांडी बाजारात. आधी तांबं-पितळ, मग स्टील. नव्वदच्या आसपास लोकांनी घरातले हंडे, घंगाळं मोडीत घालून स्टील घ्यायचा सपाटाच लावला होता. त्या मोडीत एकदा एका बाईने पोत्यातून दांडपट्टा आणला. "माळ्यावर पडलाय, पोरांना लागेल," म्हणाली. मी तो वजनावर घेतला आणि बदल्यात तिला कुकर दिला. ती खूश, मी खूश. तिथून मला चटक लागली. चार-पाच वर्षांत तलवारी, कट्यारी, बिचवे, एक गुर्ज म्हणजे लोखंडी गदा, कातडी ढाल असं भिंतभर जमलं. बायको म्हणायची, "पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठे, सुळावर?"

प्रदर्शन भरायचं पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत कोणी लग्न करत नाही, त्यामुळे मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात आणि स्वस्तात मिळतात. तिकडे रामकुंडावर पिंडदानाची गर्दी आणि इकडे आम्ही लोकांच्या पूर्वजांची हत्यारं मखमलीवर मांडून बसलेलो. शनिवारी मांडायचं, रविवारी सकाळी परीक्षण, दुपारी बक्षीस. प्रत्येकाला एक टेबल. नुसतं हत्यार चांगलं असून भागत नसे. मांडणी, माहितीची पाटी, हत्याराची निगा, त्याचं अस्सलपण, सगळं बघून पहिला नंबर काढायचे. पहिल्याला फिरती ढाल. सलग तीन वर्षं जिंकली की ती कायमची त्याच्या घरी.

वरून सगळं गोड असायचं. "काय शेठ, यंदा काय काढलंत?" "तुमच्यापुढे आमचं काय!" आणि आतून एकमेकांची मुंडी पिरगाळायला टपलेले. एक दातांचा डॉक्टर होता, तो टेबलाखाली मोटर बसवून कट्यारी गरागरा फिरवायचा. कोणीतरी त्याची वायर कुरतडली. उंदराने, असं ठरलं. एका वकिलाची पोलादी कट्यार सगळ्यांना भारी पडणार असं शनिवारी दिसायला लागलं, तेव्हा मी बोट मिठाच्या पाण्यात बुडवून तिच्या पात्यावरून हळूच फिरवलं. रविवारी सकाळी परीक्षकांच्या डोळ्यांसमोर पात्यावर तांबूस डाग. वकील रडकुंडीला आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हवाच दमट आहे हो यंदा." काय सांगू, त्या दिवशी मला जेवण दुप्पट गेलं.

पहिली दोन वर्षं ढाल मी जिंकली. तिसऱ्या वर्षी डॉक्टरने नेली. मग पुन्हा दोन वर्षं माझीच, आणि पुढच्या वर्षी ती जिंकली की कायमची. या शेवटच्या दोनांतल्या दुसऱ्या वर्षी तो माणूस आला.

सिन्नरकडचा शेतकरी, पन्नाशीचा. टोमॅटो आणि झेंडू करायचा, माल नाशिकच्या मार्केटला आणायचा. टेम्पोतून उतरला तो काखेत उपरण्यात गुंडाळलेली तलवार घेऊनच. त्याने टेबलावर पाट ठेवला, पाटावर कोरं कापड, त्यावर तलवार. बाजूला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि चक्क उदबत्ती लावली. तलवार कसली, मुठीपासून टोकापर्यंत शेंदराचा लगदा. दर खंडेनवमीला घरात तिची पूजा, दर पूजेला शेंदूर आणि तेल. किती पिढ्या ते चाललं होतं कोण जाणे, पण पातं दिसत नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, "मामा, देऊळ इथे नाही, पलीकडच्या गल्लीत." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

त्याला राग आला नाही. तो जो भेटेल त्याला सांगत होता, "आमची लय जुनी हाय. गावात दसऱ्याला शिलंगणाला जाताना म्होरं आमचीच तलवार असती. वेशीवर आपट्याच्या फांदीला पयला वार आमच्या घरचा." हा मान त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या चुलतभावाने मखमली म्यानाची एक लांबलचक तलवार आणली आणि गावात बोलायला सुरुवात केली, की ह्यांचं जुनं-बिनं काही नाही, बँडवाल्याकडून आणलेली नवरदेवाची तलवार आहे, शेंदूर फासून देव केलीय. गाव म्हणजे गाव. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. शेवटी जाणत्या लोकांनी तोड काढली, की नाशिकला जाऊन जाणकार माणसाकडून कागद आणा. जुनी असल्याचं लिहून मिळालं तर मान तुमचा. नाही मिळालं तर चुलतभावाची तलवार पुढे.

म्हणजे तो बक्षिसाला आलाच नव्हता. कागदाला आला होता. हे तो दहादा बोलला, आणि मी दहादा ऐकलं.

परीक्षक पुण्याचे होते, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी भिंग लावून तलवार बघितली, मुठीजवळ नखाने टकटक केलं. म्हणाले, "घडण चांगली वाटते. पण शेंदरात बुडालेलं मला वाचता येत नाही. खाली काही असलं तर ते दिसलं पाहिजे. शेंदूर उतरवून पुढच्या वर्षी आणा, मी काय ते लिहून देतो."

"कसा उतरवायचा साहेब?"

सरांना कोणीतरी मिसळ खायला ओढत होतं. त्यांनी जाता जाता माझ्याकडे बोट केलं. "हे आहेत ना! धातूतलं यांच्याइतकं इथे कोणाला कळत नाही. यांना विचारा." मी हात जोडले. त्या क्षणी माझ्या मनात काहीही काळंबेरं नव्हतं, हे खरं सांगतो.

गावाने त्याला एक वर्षाची मुदत दिली. माघात तो दुकानात आला, तलवार घेऊन. इतके दिवस का लागले, तर बायको तयार नव्हती. तिचं म्हणणं, देवाचं कवच माणसाने काढू नये, देव स्वतः सोडील तेव्हाच. मग त्याने ग्रामदैवताला कौल लावला. उजवा कौल मिळाला, तेव्हा कुठे ती मानली. "तिनं पाच मंगळवार धरल्यात," तो म्हणाला. "घाबरलीय. मी म्हटलं, अगं, भांडी बाजारातल्या शेठला इचारून करतोय, उगं नाय करत."

मी त्याला चहा मागवला आणि तलवार उजेडात घेतली. मुठीजवळ, पातं जिथून सुरू होतं तिथे शेंदराची एक खपली सुटली होती. मी दाभणाने ती आणखी जरा उचलली. खाली सोनं. सोन्याची बारीक तार पोलादात ठोकून बसवलेली, एक वेल, आणि वेलीच्या आत अक्षरं. 'श्री' स्वच्छ वाचता आलं. पुढचीही आली. पुढे त्याचंच आडनाव होतं.

वाचकहो, नीट लक्षात घ्या. त्या माणसाला जगात जो एक पुरावा हवा होता, तो माझ्या दाभणाखाली होता. कोणाची नक्कल नाही, बँडवाल्याची नाही, त्याच्या घराण्याचं नाव सोन्याने लिहिलेली तलवार. आणि पात्याला खाली जौहर असणार, पोलादातली ती लाटांसारखी रेघ, हे मला त्या वजनावरूनच कळलं. असं हत्यार मी तरी तोवर हातात धरलं नव्हतं. ते पुढच्या वर्षी टेबलावर आलं असतं तर माझी भिंतभर जमवाजमव मोडीच्या भावाची ठरली असती. माझी ढाल गेली असती, तीही उदबत्ती लावणाऱ्या माणसाकडे.

तो बशीत चहा ओतत होता. मी अंगठ्याने ती खपली पुन्हा खाली दाबली. तेलकट होती, चिकटली.

"मामा, विकता का?" मी विचारलं.

"देव कोणी इकतं व्हय शेठ?" तो हसला.

आता खरी रीत मला झोपेतही सांगता आली असती. गोडं तेल कोमट करायचं, कापसाने लावायचं, मऊ पडेल तेवढंच लाकडाच्या काडीने काढायचं. रोज बोटभर. महिना लागला तर लागू द्यायचा. मी म्हणालो, "मामा, सोपं आहे. चिंच आणि मीठ लावून ठेवा, मग विटकरीच्या भुग्याने रगडा. घाबरायचं नाही. पितळेच्या हंड्यासारखी चकाकली पाहिजे. तोंड दिसलं पाहिजे त्यात. परीक्षक चमक बघतात."

त्याचा चेहरा उजळला. "मग तर लय सोपं. माझा पुतण्या सिन्नरच्या एमआयडीसीत बफिंगलाच हाय. मशिनीवर धरली की आरसा!"

मी क्षणभर थांबलो. एक क्षण होता बरं का, नव्हता असं नाही. बफिंगच्या चाकापुढे सोन्याची तार म्हणजे लोण्याची रेघ. मी म्हणालो, "मग काय, सोन्याहून पिवळं!"

तो माझ्या पाया पडायला वाकला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस. मी पाय मागे घेतले, एवढी लाज तेव्हा होती. मग पुढचे सात-आठ महिने मी निवांत झोपलो. मनाला टोचणी वगैरे लागते असं पुस्तकात वाचलंय. मला नव्या मखमलीचा रंग कोणता घ्यावा याची काळजी लागली होती.

पुढच्या पितृपंधरवड्यात तो जीप भरून माणसं घेऊन आला. बायको, पुतण्या, गावातले चार-पाच जाणते, आणि सगळ्यांच्या मागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चुलतभाऊ. नवीन टोपी घातलेला मामा टेबलापाशी उभा राहिला आणि त्याने उपरणं उलगडलं. कार्यालयातल्या ट्यूबा तिच्यात दिसत होत्या. मी जवळ गेलो आणि मुठीपाशी बघितलं. काही नाही. सपाट, गुळगुळीत, आंघोळीच्या बादलीसारखं स्टील. पुतण्याने मन लावून काम केलं होतं. एका ठिकाणी, जिथे 'श्री' होतं, तिथे किंचित खळगा राहिला होता, तोही माहीत असणाऱ्यालाच दिसला असता.

"शेठ, जमलंय ना?" त्याने विचारलं.

"झकास," मी म्हणालो.

उतरवलेला शेंदूर त्यांनी टाकला नव्हता. कोऱ्या कापडात बांधून, वाजत गाजत नेऊन नदीत सोडला होता. हे त्याची बायको माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती, आणि सांगताना सारखी तलवारीकडे बघत होती. तिला ती ओळखीची वाटत नव्हती, हे उघड दिसत होतं.

रविवारी सकाळी सर आले. त्यांना तो आठवत होता. "वा, आणलीत का?" असं म्हणत त्यांनी तलवार उचलली. भिंग लावलं, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मुठीजवळ बराच वेळ बघत राहिले.

"हे कोणी केलं?"

"बफिंग मारलंय साहेब," तो छाती काढून म्हणाला. "तोंड बघा, दिसतंय."

"कोणी सांगितलं असं करायला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. आरोप म्हणून नाही. उलट, शाबासकीत माझाही वाटा असावा म्हणून. "ह्या शेठनीच सांगितलं, तुम्हीच पाठवलं व्हतं न्हवं त्यांच्याकडं."

सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. डॉक्टर, वकील, संयोजक, गावकरी. मी कानांवर हात ठेवले. "मी? अहो, मी पुसून घ्या म्हणालो असेन. बफिंग! कोणी शहाणा माणूस तलवारीला बफ मारायला सांगेल का?" आणि मी हसलो. मी हसलो म्हणून इतर हसले. पुतण्याने मान खाली घातली.

सरांना हसू आलं नाही. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो मला आजही त्यांच्या आवाजासकट आठवतो. "तुम्ही ही आधी जवळून पाहिली होती ना? शेंदराखाली काही होतं का? लेख, नक्षी, काहीही? तुम्ही पाहिलं असेल तर सांगा. तुमच्या शब्दावर मी तेवढं लिहून देईन."

म्हणजे अजूनही काही गेलं नव्हतं. तलवार मेली होती, पण त्या माणसाचा कागद जिवंत होता. मी 'हो' म्हटलं असतं तर कागद झाला असता. 'हो' म्हणायला माझं काही जात नव्हतं. तलवार तर आता स्पर्धेत कुठेच नव्हती. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, की सोन्याची अक्षरं पाहिली होतीत, तर घासायला कसं सांगितलंत?

"नाही सर," मी म्हणालो. "शेंदूरच होता नुसता."

सरांनी तलवार पाटावर ठेवली. "मग माझा नाइलाज आहे. आता ही कालची आहे की दोनशे वर्षांची, हे मला सांगता येत नाही. मी लिहून देऊ शकत नाही."

चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला, "झालं का समाधान? बँडवाल्याचीच व्हती." जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मामाची बायको खाली बसली, तिथेच फरशीवर, पाटाला टेकून. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पदराने त्या गुळगुळीत पात्यावरचे सरांच्या बोटांचे ठसे पुसत राहिली. मामा मात्र माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याचा राग मला परवडला असता, रागाला उत्तर मी तयार ठेवलं होतं.

दुपारी ढाल मला मिळाली. कायमची. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. फोटोत मी हसतोय, आणि खोटं का बोलू, मनापासून हसतोय.

यावर कळस असा, की चार दिवसांनी चुलतभाऊ पेढे घेऊन दुकानात आला. "शेठ, दसऱ्याला आमच्याकडं प्रमुख पाहुणे म्हणून यायचं. तुमच्यासारखा जाणकार माणूस गावात आला पायजे." कोणाही माणसाने नाही म्हटलं असतं. मी नवा कुर्ता शिवला.

दसऱ्याला दुपारी त्यांनी मला जीपने नेलं. वेशीवर मंडप, माईक, खुर्च्या. मला शाल, नारळ, गुडघ्यापर्यंत येईल असा झेंडूचा हार. चुलतभाऊ त्याची मखमली म्यानाची तलवार उपसून पुढे झाला. मी लांबूनच ओळखली, असल्या तलवारी यात्रेत टांगलेल्या असतात. त्याने आपट्याच्या फांदीवर वार केला, फांदी तुटली नाही. दुसऱ्या वाराला वाकली. तिसऱ्याला कोणीतरी हाताने मोडून दिली. गुलाल उधळला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान त्या घरातून या घरात गेला, मोजून तीन मिनिटं लागली.

मग सोनं वाटायला सुरुवात झाली. लोक आपट्याची पानं देऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्या गर्दीतून मामा माझ्याकडे आला. हातात तलवार नव्हती. बायको जरा मागे थांबली होती. त्याने माझ्या हातावर दोन पानं ठेवली. "सोनं घ्या शेठ, सोन्यासारखं ऱ्हावा." मीही त्याला पान दिलं. मला वाटलं, आता जाईल.

तो गेला नाही. अगदी हळू, फक्त मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "शेठ, तुम्हाला ढाल पायजे व्हती, तर तसं सांगायचं. मी टेबल मांडलंच नसतं. सायबाला बाहीर, झाडाखाली दाखवली असती. मला नुसता कागद पायजे व्हता."

मला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण उत्तर सुचलं होतं. अक्षरं होती, मी पाहिली, तुमचंच आडनाव होतं. एवढंच. गाव समोर होतं, जाणते समोर होते, माईक तर माझ्या हाताशीच होता, कारण मला दोन शब्द बोलायला सांगणार होते. त्या वेळीही बोललो असतो तर फांदी दुसऱ्यांदा तोडली असती गावाने.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो आणि परंपरा जपण्याचं महत्त्व यावर पंधरा मिनिटं बोललो. तो पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होता. मी संपवलं तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.